प्रवासात वेब डेव्हलपमेंट: छोट्या, स्वस्त लॅपटॉपवर काम कसं हलवायचं

वेब डेव्हलपमेंटसाठी महागडं आणि जड मशीनच लागतं, हा समज आता सोडून द्यायला हरकत नाही. सव्वा-दीड किलोचा, बारा-तेरा इंची, स्वस्तातला लॅपटॉप पाठीवर टाकून फिरता फिरता वेबसाइट्स बनवता येतात, दुरुस्त करता येतात, लाइव्हही करता येतात. अट एकच आहे. या लॅपटॉपने काय करायचं नाही, हे तो विकत घेण्याआधी ठरलेलं हवं. ज्यांचा अपेक्षाभंग होतो, त्यांनी बहुतेक वेळा मशीन आधी घेतलेलं असतं आणि कामाचा विचार नंतर केलेला असतो. म्हणून हा लेखही त्याच क्रमाने जातो: आधी काम, मग मशीन, मग मांडणी.

२००७ मध्ये आसुसचा ई पीसी आला, तेव्हा छोटा लॅपटॉप म्हणजे सात इंची पडदा, ८०० बाय ४८० रिझोल्युशन, ५१२ एमबी रॅम आणि ४ जीबी स्टोरेज असा हिशेब होता. छोट्या मशीनवर खरं काम होत नाही, ही धारणा बरीचशी त्या काळातली आहे. आजच्या स्वस्त मशीनची ताकद त्याच्या कितीतरी पट आहे. अर्थात वेब डेव्हलपमेंटची साधनंही तितकीच जड झाली आहेत, आणि खरी गोम तिथेच आहे.

आधी आपलं काम मोजा

सध्या ज्या कॉम्प्युटरवर काम करता, तिथे नेहमीची सगळी मांडणी उघडा: एडिटर, डेव्ह सर्व्हर (बनत असलेली साइट आपल्याच मशीनवर चालवून दाखवणारा प्रोग्राम), ब्राउझरचे नेहमीचे टॅब, डेटाबेस, चॅटचं ॲप. मग विंडोजवर टास्क मॅनेजर किंवा लिनक्सवर एचटॉप उघडून किती रॅम वापरली जातेय ते पाहा. प्रोजेक्टचं बिल्ड, म्हणजे कोडपासून चालवण्याजोगी साइट तयार करणारी प्रक्रिया, चालवा आणि त्या वेळचा सर्वांत मोठा आकडा टिपून ठेवा. त्यानंतर एकेक गोष्ट बंद करत जा आणि आकडा कशाने खाली येतो ते बघा. बहुतेकांना इथे पहिला धक्का बसतो, कारण रॅम खाणारा आपला कोड नसतो. चॅटचं ॲप, न वापरता उघडे ठेवलेले टॅब आणि एडिटरमध्ये कधीतरी टाकून विसरलेली एक्स्टेन्शन्स हेच मोठे गिऱ्हाईक निघतात.

मग आपल्या कामाच्या दोन याद्या करा. एचटीएमएल, सीएसएस, जावास्क्रिप्ट, पीएचपी, जँगो, लाराव्हेल, छोटे-मध्यम रिॲक्ट किंवा व्ह्यू प्रोजेक्ट, वर्डप्रेस थीम हे सगळं हलकं काम. डॉकरमध्ये (प्रोग्राम वेगवेगळ्या बंदिस्त डब्यांत चालवणारं साधन) एकाच वेळी पाच-सहा सर्व्हिसेस चालवणं, अँड्रॉइड एम्युलेटर, व्हिडिओ एडिटिंग, प्रचंड मोठ्या टाइपस्क्रिप्ट रिपॉझिटरीचं (प्रोजेक्टच्या कोडच्या साठ्याचं) पूर्ण टाइप-चेकिंग हे जड काम. जड यादीतलं काम आठवड्यातून एखाद्या वेळी लागत असेल तर त्याची सोय दुसरीकडे करता येते, ती पुढे सांगतो. ते रोज तासन्‌तास करावं लागत असेल, तर छोटा लॅपटॉप हे तुमचं एकमेव मशीन होऊ शकत नाही. दुसरं मशीन म्हणून तो उत्तमच आहे.

खरेदीआधी एक रंगीत तालीमही करा. मोठा मॉनिटर आणि माउस काढून ठेवा, एडिटर व ब्राउझरच्या खिडक्या तेरा इंची पडद्याइतक्या लहान करा आणि काही दिवस तसंच काम करा. दोन खिडक्या शेजारी-शेजारी ठेवण्याची सवय मोडून एकीतून दुसरीत कीबोर्डने उडी मारायची सवय लागते का, हे यात कळतं. ती लागली तर निम्मी लढाई जिंकली.

मशीन निवडताना

रॅमपासून सुरुवात करा, कारण बाकीच्या उणिवा सांभाळून घेता येतात, रॅमची नाही. ८ जीबी ही किमान मर्यादा धरा. १६ जीबी मिळत असेल तर बाकी कशातही तडजोड करून ती घ्या. ४ जीबीचं मशीन कितीही स्वस्त मिळालं तरी या कामासाठी नको. अनेक पातळ लॅपटॉपमध्ये रॅम मदरबोर्डवर सोल्डर केलेली असते, म्हणजे नंतर वाढवता येत नाही. विकत घेण्याआधी त्या नेमक्या मॉडेलचं सर्व्हिस मॅन्युअल उघडून रॅमचा स्लॉट आहे की नाही ते बघा. जाहिरातीत ही माहिती क्वचितच असते.

दुसरं स्टोरेज. अगदी स्वस्त लॅपटॉपमध्ये ईएमएमसी नावाचं स्टोरेज असतं, बहुधा ६४ किंवा १२८ जीबी. ब्राउझिंगला ते चालतं. पण जावास्क्रिप्टच्या एखाद्या मध्यम प्रोजेक्टचं नोड मॉड्यूल्सचं, म्हणजे बाहेरून आणलेल्या पॅकेजेसचं, फोल्डर पाहा: हजारो, कधी कधी लाखाच्या घरात जाणाऱ्या बारीक-बारीक फाइल्स. अशा फाइल्स लिहिताना आणि पुसताना ईएमएमसी गुडघे टेकते, आणि पॅकेजेस इन्स्टॉल व्हायची वाट पाहण्यात वेळ जातो. २५६ जीबीची एसएसडी, शक्यतो एनव्हीएमई (एसएसडीचा वेगवान प्रकार) आणि बदलता येण्यासारखी, हे लक्ष्य ठेवा.

प्रोसेसरबद्दल लोक सर्वांत जास्त बोलतात, आणि या कामापुरता त्याचा क्रमांक तिसरा लागतो. इंटेलचा एन१००, जो २०२३ च्या सुरुवातीला आला, चार कोरचा आणि ६ वॉटचा आहे. पंख्याशिवायच्या मशीनमध्येही तो चालतो आणि हलक्या यादीतलं सगळं काम निभावून नेतो. बिल्ड थोडं सावकाश होतं, पण कोड लिहिताना ते जाणवत नाही.

पडद्याच्या बाबतीत इंचांपेक्षा रिझोल्युशन बघा. १३६६ बाय ७६८ वर ब्राउझरची डेव्हलपर टूल्स उघडली की पानाला जागाच उरत नाही. १९२० बाय १०८० हवं. १६:१० किंवा ३:२ प्रमाणाचा पडदा मिळाला तर आणखी चांगलं, कारण कोड वाचताना उंची उपयोगी पडते. पडदा आयपीएस असावा. जुन्या टीएन पडद्यावर मान थोडी हलली तरी रंग बदललेले दिसतात, आणि सीएसएस करणाऱ्याला ते परवडणारं नाही.

कीबोर्डवर प्रत्यक्ष टाइप करून बघा. एखादं वाक्य टाइप करून भागणार नाही. महिरपी कंस, चौकटी कंस, बॅकटिक, होम, एंड आणि बाणाच्या कळा दाबून बघा. लहान लॅपटॉपमध्ये याच कळा आक्रसलेल्या किंवा एफएन कळीमागे दडवलेल्या असतात आणि कोड लिहिताना याच सर्वांत जास्त लागतात.

चार्जिंग यूएसबी-सीने होतं का, हेही आधीच विचारा. यूएसबी-सीचं भोक दिसलं म्हणजे त्यातून चार्जिंग होतंच असं नाही. पॉवर डिलिव्हरी (यूएसबी-सीमधून जास्त वॉट देण्याची सोय) असेल तर ४५ किंवा ६५ वॉटचा एकच चार्जर फोनला आणि लॅपटॉपला पुरतो. वजन मोजताना लॅपटॉप अधिक चार्जर असं मोजा. तुम्ही वाहून नेणार आहात ते हेच.

नवा की वापरलेला?

माझं मत स्पष्ट आहे: बजेट कमी असेल तर नव्या स्वस्त लॅपटॉपपेक्षा कंपन्यांमधून निघालेला बिझनेस लॅपटॉप घ्या. थिंकपॅडची एक्स मालिका, डेलचे लॅटिट्यूड, एचपीचे एलिटबुक ही मशीन्स मजबूत असतात, कीबोर्ड चांगला असतो, सुटे भाग मिळतात आणि उघडून दुरुस्त करता येतात. शिवाय विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. इंटेलच्या प्रोसेसरमध्ये विंडोज ११ ला साधारणपणे आठव्या पिढीपासून पुढचा प्रोसेसर लागतो, त्यामुळे त्याआधीची मशीन्स मोठ्या प्रमाणावर बाहेर पडली आहेत. लिनक्स वापरणाऱ्याला ही अट लागूच नाही.

पण आठव्या किंवा पुढच्या पिढीचं मशीन शोधण्यामागे आणखी एक कारण आहे. सातव्या पिढीपर्यंत या पातळ लॅपटॉपमधले आय-फाइव्ह दोन कोरचे होते, आठव्यात ते चार कोरचे झाले. थिंकपॅडचंच उदाहरण घ्या. एक्स२७० मध्ये सहाव्या-सातव्या पिढीचा दोन कोरचा प्रोसेसर, पण रॅमला स्लॉट आहे आणि मागची बॅटरी काढता येते. एक्स२८० मध्ये आठव्या पिढीचा आय-फाइव्ह चार कोरचा आणि वजनही कमी, पण रॅम बोर्डवर सोल्डर केलेली. म्हणजे १६ जीबीचा एक्स२८० मिळाला तर उचला. ८ जीबीचा असेल तर कायम ८ जीबीवरच राहायची तयारी ठेवा.

वापरलेलं मशीन हातात घेतल्यावर हे करा. झाकण एका हाताने सावकाश उघडा. बिजागरी कुरकुरत असेल किंवा पडद्याच्या कडेला तडा असेल तर पुढे जाऊ नका. चार्जर लावून वायर हलकेच हलवा. चार्जिंग तुटत-जुळत असेल तर पोर्ट सैल झालाय. बायोस (मशीन सुरू होताना सर्वांत आधी चालणारी अंगभूत प्रणाली) उघडून त्याला पासवर्ड नाही ना, कंपनीचं ट्रॅकिंग किंवा नियंत्रण चालू नाही ना, ते बघा; हे कुलूप काढणं फार अवघड असतं. बरोबर लिनक्सचा लाइव्ह यूएसबी न्या आणि त्यावरून मशीन सुरू करा. वायफाय, आवाज, ट्रॅकपॅड, झाकण मिटल्यावर झोपणं आणि उघडल्यावर जागं होणं, हे सगळं काही इन्स्टॉल न करता पाच-दहा मिनिटांत तपासता येतं. त्याच वेळी ‘अपॉवर’ कमांडने बॅटरीची मूळ क्षमता आणि आजची पूर्ण क्षमता शेजारी-शेजारी बघा. विंडोजवर ‘पॉवरसीएफजी’ कमांडचा बॅटरी रिपोर्ट हेच सांगतो. आजचा आकडा मूळच्या साठ-सत्तर टक्क्यांखाली असेल तर नव्या बॅटरीचा खर्च किमतीत धरा.

क्रोमबुकचा पर्यायही विचारात घ्या. त्यात २०१८ पासून लिनक्सचं डेव्हलपमेंट वातावरण आहे, जे आतमध्ये डेबियन चालवतं. एडिटर, गिट (कोडमधले बदल नोंदवणारं साधन), नोड (ब्राउझरबाहेर जावास्क्रिप्ट चालवणारं साधन) सगळं चालतं. मात्र दोन गोष्टी बघूनच घ्या: रॅम ८ जीबी आहे का, आणि त्या मॉडेलचे ऑटोमॅटिक अपडेट्स कोणत्या वर्षापर्यंत आहेत. २०२१ पासून बाजारात आलेल्या मॉडेल्सना दहा वर्षं अपडेट्स मिळतात, पण ही दहा वर्षं तुम्ही घेतलेल्या दिवसापासून मोजली जात नाहीत.

ऑपरेटिंग सिस्टीम

८ जीबीच्या मशीनवर लिनक्स टाकणं हा सर्वांत मोठा फुकटातला अपग्रेड आहे. नवख्यांनी लिनक्स मिंटची एक्सएफसीई आवृत्ती घ्यावी, थोडा सराव असेल तर डेबियन. सुरू झाल्यावर हे डेस्कटॉप साधारण एक जीबीच्या आसपास रॅम घेतात, म्हणजे बाकीची तुमच्यासाठी मोकळी राहते.

झेडरॅम चालू करा. यात रॅमचाच एक भाग कॉम्प्रेस करून स्वॅपसारखा (रॅम भरल्यावर लागणाऱ्या जादा जागेसारखा) वापरला जातो. डिस्कवरच्या स्वॅपपेक्षा हे खूप वेगवान असतं आणि रॅम भरत आली तरी मशीन सहजासहजी गोठत नाही. फेडोराने २०२० मधल्या ३३ व्या आवृत्तीपासून हे आपोआप चालू ठेवलं आहे. बाकी ठिकाणी एक छोटं पॅकेज टाकावं लागतं.

विंडोजच ठेवायचं असेल तर डब्ल्यूएसएल२ (विंडोजच्या आत लिनक्स चालवण्याची सोय) वापरा, पण दोन गोष्टी सांभाळा. ते आपोआप एकूण रॅमच्या निम्म्यापर्यंत जाऊ शकतं, तेव्हा त्याच्या कॉन्फिग फाइलमध्ये मर्यादा घाला. आणि प्रोजेक्ट विंडोजच्या सी ड्राइव्हवर ठेवून लिनक्सकडून चालवू नका. दोन फाइल सिस्टीममधली ये-जा फार हळू होते. प्रोजेक्ट लिनक्सच्या होम फोल्डरमध्येच ठेवा.

साधनं हलकी करा

नवीन लॅपटॉप, नवीन ऑपरेटिंग सिस्टीम आणि नवीन एडिटर हे तिन्ही एकदम बदलू नका. टर्मिनलमध्ये चालणारा निओव्हिम एडिटर वेगवान आहे हे खरं, पण तो शिकायला वेळ लागतो आणि तुमचं काम अडतं. व्हीएस कोड वापरत असाल तर तोच ठेवा, फक्त आवरा. प्रोजेक्टच्या प्रकारानुसार वेगवेगळे प्रोफाइल करा, म्हणजे पीएचपीचं काम करताना पायथॉनची एक्स्टेन्शन्स जागी राहणार नाहीत. नोड मॉड्यूल्स आणि बिल्डचं फोल्डर फाइल-वॉचरच्या यादीतून वगळा. टाइपस्क्रिप्ट सर्व्हरला एडिटर आपोआप ३०७२ एमबीपर्यंत रॅम घेऊ देतो; ८ जीबीच्या मशीनवर हा आकडा खाली आणून बघा.

जावास्क्रिप्टची पॅकेजेस उतरवायला नेहमीच्या एनपीएमऐवजी पीएनपीएम वापरा. तो प्रत्येक पॅकेजची एकच प्रत एका जागी ठेवतो आणि प्रोजेक्ट्समध्ये तिच्याकडे हार्ड लिंक जोडतो. दहा प्रोजेक्ट असतील तर एकच लायब्ररी दहा वेळा डिस्कवर उतरत नाही. लहान एसएसडीवर हा फरक लगेच दिसतो.

डॉकर लिनक्सवर थेट चालतो, विंडोजवर आणि मॅकवर व्हर्च्युअल मशीनमधून. तरीही एकट्या डेटाबेससाठी डॉकर लागतोच असं नाही. पोस्टग्रेस सरळ इन्स्टॉल केला तर तो लहान प्रोजेक्टसाठी फारच कमी रॅम घेतो. लाइव्ह साइट पोस्टग्रेसवर असेल तर लॅपटॉपवर हलकं म्हणून एसक्यूलाइट वापरू नका. दोघांचं वागणं वेगळं आहे आणि चुका लाइव्ह गेल्यावर दिसतात.

मशीन थोडं हळू असण्याचा एक फायदाही मनापासून सांगावासा वाटतो. ताकदवान मशीनवर आपली साइट नेहमीच झरझर उघडते आणि आपण खूश होतो. स्वस्त लॅपटॉपवर तीच साइट स्क्रोल करताना अडखळली, तर साध्या फोनवर वाचणाऱ्याला रोज काय सोसावं लागतं ते आपल्याला तिथल्या तिथे कळतं. मग आपण नको असलेली लायब्ररी काढतो, जड चित्रं हलकी करतो.

जड काम दुसरीकडे

घरी जुना डेस्कटॉप असेल तर तो सर्व्हर म्हणून चालू ठेवा, नाहीतर एखादा छोटा व्हीपीएस, म्हणजे इंटरनेटवरचा व्हर्च्युअल सर्व्हर, भाड्याने घ्या. एसएसएचने (दूरच्या मशीनला सुरक्षितपणे जोडणारं साधन) त्याला जोडायचं आणि टीमक्स या टर्मिनलच्या साधनात काम करायचं. टीमक्सचं सेशन सर्व्हरवर जिवंत राहतं. लॅपटॉप मिटला, नेटवर्क गेलं, तरी बिल्ड चालूच असतं. परत जोडल्यावर जिथे सोडलं तिथूनच पुढे.

प्रवासात नेटवर्क सारखं तुटतं, म्हणून एसएसएचच्या जोडीला मॉश हा तुटत्या नेटवर्कसाठी बनवलेला प्रोग्राम घाला. बोगद्यात रेंज गेली की साधं एसएसएच गोठतं. मॉशमध्ये तुम्ही टाइप करत राहता, सर्व्हरपर्यंत न पोचलेली अक्षरं अधोरेखित दिसतात, आणि रेंज आली की रेघ निघून जाते. वायफायवरून मोबाइल डेटावर गेलात तरी जोडणी टिकते. एक मर्यादा लक्षात ठेवा: मॉश डेटा पाठवायला यूडीपी नावाची पद्धत वापरतो, त्यामुळे काही सार्वजनिक वायफायवर तो अडवला जातो.

टर्मिनलची सवय नसेल तर व्हीएस कोडचं रिमोट एसएसएच एक्स्टेन्शन घ्या. एडिटर लॅपटॉपवर दिसतो, फाइल्स आणि टाइप-चेकिंग सर्व्हरवर. त्यासाठी सर्व्हरला किमान १ जीबी, शक्यतो २ जीबी रॅम हवी. सर्व्हरवरचा डेव्ह सर्व्हर आपल्या ब्राउझरमध्ये बघायला पोर्ट फॉरवर्डिंग करा: तिथलं ३००० क्रमांकाचं पोर्ट इथे लोकलहोस्टवर, म्हणजे आपल्याच मशीनच्या पत्त्यावर, उघडतं. लोकलहोस्टला ब्राउझर सुरक्षित मानतो, त्यामुळे सर्व्हिस वर्करसारख्या (साइटसाठी ब्राउझरमध्ये मागे चालणारी स्क्रिप्ट) गोष्टी प्रमाणपत्राशिवाय तपासता येतात. डेव्ह सर्व्हर सगळ्या नेटवर्कला खुला करून सार्वजनिक वायफायवर बसणं मात्र कटाक्षाने टाळा.

स्वतःचा सर्व्हर सांभाळायचा नसेल तर गिटहब कोडस्पेसेस, म्हणजे गिटहबने क्लाउडवर दिलेलं डेव्हलपमेंट मशीन, आहे. वैयक्तिक खात्याला महिन्याला १२० कोर-तास मोफत मिळतात, म्हणजे दोन कोरचं मशीन ६० तास. काम झालं की स्वतः बंद करा. ते आपोआप बंद होतं खरं, पण तीस मिनिटं रिकामं बसल्यावर, आणि ती तीस मिनिटंही मोजली जातात.

नेट नसतानाची तयारी

निघण्याआधी प्रत्येक चालू प्रोजेक्ट एकदा पुल करा (सर्व्हरवरचे ताजे बदल उतरवा), पॅकेजेस इन्स्टॉल करा आणि नेट बंद करून तो खरंच सुरू होतो का ते बघा. सीडीएनवरून, म्हणजे बाहेरच्या सर्व्हरवरून, येणारे फॉन्ट आणि स्क्रिप्ट इथेच उघडे पडतात. डेव्हडॉक्स ही साइट दस्तऐवज ऑफलाइन साठवून ठेवते; लागणाऱ्या भाषा आधीच निवडून उतरवा. गिटचे कमिट आणि ब्रँच नेटशिवाय होतातच.

हरवला तर?

बाहेर नेलेली वस्तू हरवते, पडते, तिच्यावर चहा सांडतो. लॅपटॉप स्वस्त असण्याचा खरा उपयोग इथे आहे, पण त्यातलं काम आणि पासवर्ड सुरक्षित असतील तरच. लिनक्स इन्स्टॉल करताना पूर्ण डिस्क एन्क्रिप्ट करण्याचा पर्याय निवडा. नंतर करणं कटकटीचं असतं. या लॅपटॉपसाठी वेगळी एसएसएच की बनवा आणि तिला पासफ्रेज द्या. हरवल्यावर तेवढी एकच की सर्व्हरवरून आणि गिट खात्यातून काढून टाकायची, बाकीची मशीन्स तशीच चालू राहतात. पासवर्ड आणि गुप्त की साठवलेल्या एन्व्ह फाइल्स पासवर्ड मॅनेजरमध्ये ठेवा. उठण्याआधी अर्धवट काम वेगळ्या ब्रँचवर पुश करण्याची (सर्व्हरवर पाठवण्याची) सवय लावा. ते पूर्ण आणि नीटनेटकं असण्याची गरज नाही.

एडिटरची सेटिंग्ज, शेलच्या फाइल्स आणि लागणाऱ्या पॅकेजेसची यादी एका रिपॉझिटरीत ठेवा, सोबत सगळं बसवणारी एक छोटी स्क्रिप्ट. मग लॅपटॉपवर महत्त्वाचं काही साठण्याआधी एकदा तो पूर्ण पुसा आणि या स्क्रिप्टवरून उभा करून बघा. काय राहिलं ते तेव्हाच कळतं.

बॅटरी आणि मान

लॅपटॉप बहुतेक वेळ प्लगला लावलेला असेल तर चार्जिंग ८० टक्क्यांवर थांबवा. थिंकपॅडवर हे लिनक्समध्ये टीएलपी या साधनाने जमतं. काही नव्या मशीन्स झाकण मिटल्यावरही अर्धवट जाग्या राहतात आणि बॅगेत बॅटरी उतरते. त्यांच्यासाठी हायबरनेट चालू करा. विमानात १०० वॉट-तासांपर्यंतच्या बॅटरीला वेगळी परवानगी लागत नाही, पण सुटी बॅटरी किंवा पॉवर बँक केबिनच्या बॅगेतच हवी, चेक-इनमध्ये नाही.

छोट्या पडद्याकडे वाकून तासन्‌तास बसलं तर मान धरते. घडीचा हलका स्टँड आणि एक लहान कीबोर्ड बॅगेत टाका. जिथे दोन तासांपेक्षा जास्त बसणार तिथे पडदा डोळ्यांच्या पातळीला आणा.

सुरुवात एकाच प्रोजेक्टने करा, शक्यतो ज्याची डेडलाइन जवळ नाही अशा. जुनं मशीन लगेच विकू नका. पहिले काही आठवडे कशासाठी त्याच्याकडे परत जावं लागतं ते लिहून ठेवा. कारण फक्त बिल्ड किंवा डॉकर असेल, तर त्याच मशीनवर लिनक्स टाकून, पडदा काढून, त्याला घरचा सर्व्हर करा. कारण पडद्याचा आकार असेल, तर घरी एक मॉनिटर ठेवून लॅपटॉप त्याला यूएसबी-सीने जोडा. आणि महिनाभरात एकदाही परत जावं लागलं नाही, तर ते खुशाल विका.